फळ्या काढल्यावर

कार्यशाळेत सगळे तिला पाठीमागे काटकोन म्हणत आणि तोंडावर ताई. नाव काही उगाच पडलं नव्हतं. सुताराने चौकट ठोकून आणली की ही बाई आधी गुण्या लावून कोपऱ्याचा काटकोन बघायची, मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघायची, आणि तरीही म्हणायची, "इकडे जरासं कलतंय." सुतार बिचारा कपाळाला हात लावायचा. केसाएवढं कललेलं असायचं, पण असायचं खरं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

काम होतं मुलांच्या विज्ञान केंद्रातल्या मातीच्या दालनाचं. सहावी-सातवीच्या वर्गांना माती शिकवायची, पण 'पान नंबर अमुक, आकृती तमुक' करून नाही. काटकोनताईचं म्हणणं असं, की माती ही हाताने वाचायची गोष्ट आहे. म्हणून तिने एक भिंत आणि तीन टेबलं आखली होती. भिंतीत एकाखाली एक पाच खण. वरच्यात पालापाचोळा आणि मुळं, त्याखाली काळी भुसभुशीत माती, त्याखाली तांबूस चिकण, मग मुरूम, आणि तळाला खडक. खण ओढायचा, हात घालायचा, वास घ्यायचा. खडकाचा खण मुद्दाम इतका जड केला होता की एकट्यादुकट्याला दाद देऊ नये. पहिल्या टेबलावर तीन काचेच्या नळ्या, एकीत वाळू, एकीत पोयटा, एकीत चिकणमाती; वरून पेलाभर पाणी ओतायचं आणि कुठलं पाणी आधी तळाला येतं त्यावर पैज लावायची. दुसऱ्यावर ओली माती हातावर वळून बघायची, वळी होते, कडं होतं, की नुसता भुगा. तिसऱ्यावर भिंग आणि कण. चौथं टेबल नंतर आलं, त्याचं पुढे सांगतो.

गेले दोन महिने ती हे सगळं बिनचूक करत होती आणि तिला काहीही वाटत नव्हतं. दुःख नाही, भीती नाही, साधा कंटाळासुद्धा नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तशी ती सबंध झाली होती. सकाळी उठायची, बसने यायची, मोजमापं घ्यायची, घरी जायची, ताटात असेल ते संपवायची.

"अगं, आज भाजीत मीठ घालायचं विसरले मी," आई म्हणायची. "तुला कळलं तरी का?"

कळलेलं नसायचं. मग आई तिच्याकडे बघत बसायची. "एकदा पोटभर रड बाई, मोकळी होशील," असं दिवसाआड तरी म्हणायची. आईला वाटत होतं, लेकीच्या डोळ्यांदेखत माणूस गेला, त्याचा हा धसका आहे. तेही होतंच. पण तेवढंच नव्हतं, आणि उरलेलं आईला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. दालनात एक भलंमोठं छायाचित्र लावायचं होतं, खऱ्या जमिनीचं, गवतापासून खडकापर्यंत. त्यासाठी खड्डा खणायला हवा. माती तपासणारे लोक असे खड्डे नेहमी खणतात, आणि त्यांची एक खोड असते, जी विहीर खणणाऱ्याला नसते, गटार खणणाऱ्यालाही नसते. त्यांना खड्ड्याची एक बाजू सरळसोट उभी लागते, स्वच्छ, उघडी, कारण तिच्यावर थर वाचायचे असतात. गटारवाला फळ्या लावतो, आडवे टेकू ठोकतो आणि निवांत कामाला लागतो. यांना मात्र फळी म्हणजे डोळ्यांपुढे धरलेला हात. थर झाकले जातात ना!

खड्डा खणायला मामा आले होते. कुणाचे मामा, तर कुणाचेच नाही. तीस वर्षं माती तपासणाऱ्यांसाठी खड्डे खणत आलेला उंच, हाडकुळा माणूस, सगळी दुनिया त्यांना मामा म्हणे. तिला काटकोनबाई असं तोंडावर म्हणणारे तेवढे एकटेच. "काटकोनबाई, जमिनीला गुण्या लावून ठेवलाय बघा तुमच्यासाठी," असं खड्ड्यातून ओरडायचे आणि स्वतःच हसायचे.

खड्डा डोक्यावर दोन हात खोल गेला. वर घट्ट चिकण, खाली वाळूचा ओलसर पट्टा. मामांनी फळ्या लावल्या, टेकू ठोकले. ती काठावर कॅमेरा घेऊन उभी. फटींमधून थर दिसत होते, पण तुकड्यातुकड्याने.

"मामा, समोरच्या फळ्या काढा ना. दहा मिनिटं फक्त."

"नको. खाली वाळू ओली आहे."

"अहो, उभी आहे की भिंत सकाळपासून!"

"फळ्या आहेत म्हणून उभी आहे, बाई. नको."

मग ती म्हणाली, "मामा, अर्ध्यामुर्ध्या चित्रावर मुलांना काय शिकवू मी?" मुलांचं नाव काढलं की मामा विरघळतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिने ते काढलं. मामांनी मान हलवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, फळ्या एकेक करून वर दिल्या आणि स्वतःही वर आले.

काय थर दिसले! तिने चार-पाच फोटो घेतले. मग तिच्या लक्षात आलं, की फळ्या घासून भिंतीचं तोंड सारवल्यासारखं झालंय, थरांच्या कडा पुसट झाल्यात. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. "मामा, तेवढं सुरीने जरा टोकरून द्या ना." मामा परत खाली उतरले. फळ्या निघाल्यापासून भिंत सहा मिनिटं उभी राहिली. सातव्या मिनिटाला नाही राहिली. गाडीचा चालक पिण्याच्या पाण्याचा कॅन आणायला गेला होता. तो येईपर्यंत ती नखांनी माती उपसत होती, आणि उपसावी तितकी वरची माती खाली येत होती.

केंद्राने चौकशी बसवली. तीन माणसं, एक टेबल, झाकण ठेवलेले तीन पेले.

"फळ्या कुणी काढल्या?"

"मामांनी," ती म्हणाली.

हात मामांचेच होते. पुढचा प्रश्न येईल म्हणून ती थांबली, आणि तो आलाच नाही. त्यांना तो विचारायचा नव्हता, आणि हिला न विचारता सांगायचं नव्हतं. दोन्ही बाजूंचं छान जमलं. अहवालात आलं, 'कामगाराने कोणाच्याही सूचनेविना, स्वतःहून आधाराच्या फळ्या काढल्या.' तिने सबंध वाचलं. 'स्वतःहून'वर डोळे थांबले. मग खाली सही केली. मामांच्या अंत्यसंस्काराला ती गेली नाही, ताप आलाय म्हणून कळवलं. ताप-बीप काही नव्हता. त्या दिवसापासून हे बधिरपण, आणि खरं सांगायचं तर तिला ते सोयीचं होतं.

मग एका दुपारी तिने सुताराला आणखी एक टेबल करायला सांगितलं. काचेची पेटी, मधोमध वर ओढता येणारी फळी. फळीमागे माती थर लावून दाबून भरायची, फळी काढायची, आणि मातीची भिंत किती वेळ उभी राहते ते मोजायचं.

सुतार तिच्याकडे बघत राहिला. "ताई, हे कशाला?"

"गुणधर्म आहे मातीचा."

"आहे हो. पण आत्ताच..."

"मग कधी?"

सुताराने पेटी करून दिली. तिने ती गुण्या लावून तपासली नाही, तेव्हा त्याला जास्तच काळजी वाटली.

दालन उघडण्याआधी एका वर्गावर चाचणी घ्यायची रीत असते. कुठलं हँडल तुटतं, कुठली सूचना मुलांच्या डोक्यावरून जाते, ते मुलांनी धिंगाणा घातल्याशिवाय कळत नाही. वर्ग संचालकांनी ठरवला. "मामांची मुलगी शाळेत शिकवते, माहितेय ना? तिच्याच वर्गाला बोलावू. बरं दिसेल." बरं दिसेल! या माणसाला दुसरी काळजीच नाही.

"चालेल," काटकोनताई म्हणाली. 'नको' म्हणायला निदान काहीतरी वाटावं लागतं.

ठरल्या दिवशी पस्तीस मुलं आली, रांगेत, म्हणजे दारापर्यंत रांगेत. त्यांच्या मागे शाळेच्या बाई. तशाच उंच, तशाच हाडकुळ्या. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. मुलांनी चपला काढेपर्यंत बाई हिच्या जवळ आल्या.

"तुम्हीच होतात ना तिथे?"

"हो."

"मी शोधत होते तुम्हाला तेव्हा. आजारी आहात असं कळलं."

"हो."

"साहजिकच आहे. डोळ्यांसमोर असं बघावं लागलं..." बाईंनी पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला. "खरं सांगू? मी माफी मागायला आलेय. बाबांच्या वतीने."

"कशाची माफी?"

"अहो, हट्टाने फळ्या त्यांनी काढल्या आणि भोगावं तुम्हाला लागतंय. मला इतका राग येतो ना त्यांचा! लहानपणी आम्हाला खड्ड्याच्या काठाला उभं राहू द्यायचे नाहीत. मागे व्हा, मागे व्हा, चारदा ओरडायचे. आणि स्वतः काय केलं? आईने फोटो लावलाय घरात. मी बघत नाही त्याच्याकडे. दोन महिने झाले, एकदाही बघितलं नाही."

आता बोलायचं. इतकी सरळ वाट कुणी कुणाला करून देत नाही. काटकोनताईने तोंड उघडलं आणि म्हणाली, "आधी मुलांना भिंतीकडे घेऊ या."

ऐकणाऱ्याला राग येईल. मलाही आला. पण माणूस एवढं बधिर झालं की त्याची जीभ सवयीने चालते, आणि तिला सवय होती दालन समजावून सांगायची. म्हणून तिने ते समजावून सांगितलं.

मुलांना काय, ती तुटून पडली. खडकाच्या खणाला सात जण लोंबकळले आणि तो एकदम निसटल्यावर सातही जण ढुंगणावर आपटले. नळ्यांपाशी पैजा लागल्या. "वाळू जिंकली! वाळू जिंकली!" असा गलका झाला, आणि चिकणमातीवर पैज लावणारे "अजून वेळ आहे, थांबा जरा" म्हणत नळीला डोळे लावून बसले. दोन वेण्यांची एक मुलगी मातीचं कडं वळून मनगटाला लावून सगळ्यांना दाखवत फिरत होती. "वाळूचे कण मोठे, मधल्या फटी मोठ्या, म्हणून पाणी पळतं," काटकोनताई सांगत होती. "चिकणमातीचे कण पिठाहून बारीक. ते पाणी धरून बसतात, आणि एकमेकांनाही." आवाज स्वच्छ, शब्द जागच्या जागी. संचालक लांबून खुशीत मान डोलवत होते.

मग सगळे चौथ्या टेबलाशी आले.

आधी कोरडी वाळू. फळी उचलायचा अवकाश, सगळी घसरून ढीग झाला, मुलं हसली. मग तिने स्वतः पेटी भरली. खाली ओली वाळू, वर चिकण, हाताने दाबून दाबून. फळी ओढली. भिंत उभी राहिली. पाचही बोटांचे ठसे उमटलेली, सरळ.

मुलं मोजायला लागली. साठपर्यंत जोरात, मग पुन्हा साठ, मग आवाज विरत गेले.

"ही नाही पडत," चष्मेवाली एक मुलगी जाहीर करून मोकळी झाली.

कुणीतरी कंटाळून टेबलाला टेकलं, किंवा टेकलंही नसेल. वाळूचा एक घास खालून सुटला, आणि वरची चिकण अख्खी, न फुटता, पुढे आली. मुलांनी आनंदाने किंकाळी फोडली.

"पण ताई, ती उभी होती ना चांगली?" चष्मेवालीला फसवल्यासारखं वाटलं होतं. "मग पडली कशी?"

"उभी होती. पण तिला धरून कुणी नव्हतं."

"आणि खऱ्या खड्ड्यात माणूस असला तर?"

गलका थांबला. मुलांना माहीत होतं. शाळेत अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. शाळेच्या बाई पुढे आल्या. बहुधा आधीपासून ठरवून आल्या होत्या, कारण आवाज अजिबात हलला नाही.

"इकडे लक्ष द्या सगळ्यांनी. माझे बाबा असेच गेले. त्यांना मातीतलं सगळं कळत होतं, तुमच्यामाझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी त्यांनी घाई केली. कुणाला न विचारता फळ्या काढल्या. म्हणून सांगते, आपल्याला कितीही येत असलं तरी नियम मोडायचा नाही. माझ्या बाबांसारखं करायचं नाही. कळलं?"

"हो, बाई," पस्तीस आवाज आले.

चष्मेवालीने वही उघडली. हुशार मुलगी, जे सांगतील ते टिपून घेणारी. थरांची नावं तिने लिहिली होती, वाळूचं लिहिलं होतं, चिकणमातीचं लिहिलं होतं. त्याच्या खाली, पुढचा आकडा घालून तिने गोल अक्षरात लिहायला घेतलं, 'बाईंच्या बाबांनी घाई'

काटकोनताईने ते उलटं वाचलं. समितीच्या कागदात ते वाक्य कुठल्याशा कपाटात पडून राहिलं असतं. इथे ते धडा होत होतं. उद्या घरी वाचलं जाईल, परवा पाठ होईल, आणि ही मुलगी म्हातारी होईपर्यंत मामा घाई करत राहतील.

"ते खोड," ती म्हणाली.

मुलीने वर पाहिलं. "काय चुकलं?"

"त्यांनी घाई केली नाही. फळ्या मी काढायला लावल्या."

संचालक लांबून झपाझप चालत आले. "ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये. आपण आत बसून..."

"मला फोटो हवा होता," ती शाळेच्या बाईंकडे बघून म्हणाली, मघाचच्याच आवाजात, कणांबद्दल सांगावं तशी. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. "फळ्यांनी थर झाकले जात होते. मी काढा म्हटलं. ते काढून वर आले होते. सुखरूप वर आले होते. मग मीच परत खाली उतरवलं, भिंत टोकरून द्यायला. चौकशीत मी हे सांगितलं नाही. त्यांनी 'स्वतःहून' लिहिलं, मी वाचलं आणि सही केली."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "आणि ते? ते काहीच बोलले नाहीत?"

"नको म्हणाले."

"नको म्हणाले?"

"दोनदा. वाळू ओली आहे म्हणाले. फळ्या आहेत म्हणून भिंत उभी आहे, म्हणाले."

बाई मुलांच्या बुटक्या स्टुलावर मटकन बसल्या. गुडघे पार छातीशी आले. घशातून एक आवाज निघाला, जो मुलांनी आपल्या बाईंकडून कधी ऐकला नव्हता, आणि दोन वेण्यांच्या मुलीने तिथल्या तिथे भोकाड पसरलं. बाईंनी तिला जवळ ओढलं. तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "मी तोंड फिरवून जाते रोज," एवढं एकदा म्हणाल्या, ते कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मग उठल्या. पदराने तोंड पुसलं. वर्गाकडे वळल्या.

"मुलांनो, मी मघाशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या बाबांनी नियम मोडला नव्हता. त्यांनी नको म्हटलं होतं."

"हे बघा, हा विषय इथे मुलांसमोर नको," संचालक म्हणाले. "कार्यालयात शांतपणे बोलू."

"मुलांसमोर मी खोटं बोललेय," बाई म्हणाल्या. "कार्यालयासमोर नाही."

त्यांनी चष्मेवालीकडून वही मागून घेतली, कोरं पान काढलं, टेबलावरची सांडलेली माती हाताने बाजूला सारली आणि वही काटकोनताईपुढे ठेवली. वर पेन ठेवलं.

"लिहा."

काटकोनताई लिहायला लागली. 'कामगाराने माझ्या सांगण्यावरून' इथपर्यंत आली.

"कामगार नाही. नाव लिहा."

पेन थांबलं. मामा सोडून तिला काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस सोबत काम केलं, त्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्याविरुद्ध सही केली, आणि त्या माणसाचं नाव ठाऊक नाही. ती मान वर करून बघत राहिली. बाईंना कळलं. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत जे आलं, त्यापुढे मघाचं रडणं काहीच नव्हतं. पण त्या शिक्षिका होत्या. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शब्द सुटे सुटे करून, पहिलीच्या मुलाला शुद्धलेखन घालतात तसं. काटकोनताईने लिहिलं.

पुढे सगळं लिहिलं. दहा मिनिटं मागितली ते, मुलांचं नाव काढलं ते, परत खाली उतरवलं ते. तिला हलकं वाटत नव्हतं, आणि वाटावं असं तिला आता वाटतही नव्हतं. सहीसाठी ती पानाच्या तळाशी आली, तेव्हा खांद्यावरून वाचत असलेल्या बाईंनी बोट ठेवलं.

"इथे 'नको म्हणाले' एकदाच आलंय," त्या म्हणाल्या. "दोनदा म्हणाले होते. दोनदा लिहा."